कूलर उतरवल्यावर

आषाढात कूलर उतरवला
आणि माझी झोप त्याच्यासोबत माळ्यावर गेली.

एकतीस वर्षं कोराडीला, टर्बाइनच्या मजल्यावर.
तीन पाळ्या. दर आठवड्याला दिवस उलटा करायचा
सदऱ्यासारखा, आणि तसाच घालून निघायचं.
कानात ते घुमणं घेऊनच डोळा लागायचा.
रिटायर झालो, तर उन्हाळाभर कूलरनं निभावलं:
वाळ्याच्या ताट्यांतून टपटपणारं पाणी,
मोटरीचा तोच जाडा, खर्जातला हुंकार.
आता ओल्या भिंती, बेडकं, आणि मधेच
काहीच नाही.
त्या काहीच-नाहीत मी दोन वाजता उठून बसतो,
जणू कुठलं तरी युनिट बंद पडलं.

"काहून उठले?" कौतिका विचारते.
झोपेतच विचारते. उत्तरासाठी थांबत नाही.

तान्ह्या पोळ्याला इतवारीत मारबत निघाली.
लोक ओरडत होते, खोकला घेऊन जा, रोगराई घेऊन जा.
मी हळूच म्हटलं, जागरण घेऊन जा गे मारबत.
शेजारचं पोरगं फिदीफिदी हसलं.
तिच्यावर आधीच फार ओझं होतं;
माझं वाटेत कुठेतरी सांडलं असेल,
कारण मी घरी पोचायच्या आत ते पोचलं होतं.

कोजागिरीला गच्चीवर सगळी कॉलनी जागी.
त्या एका रात्री मी चारचौघांसारखा होतो.

उमाठे डॉक्टरांची मुलगी आता दवाखान्यात बसते.
"दुपारी किती झोपता, काका?"
झोपत नाही. पडतो.
"बरं, किती वेळ पडता?"
तीन तास.
तिनं पेन खाली ठेवलं.
"झोप सकाळी पेरा लागते, काका.
रात्री फक्त कापणी."

म्हणून मग थंडीत, मफलर गुंडाळून,
सहाला झिंगाबाई टाकळीहून गोरेवाड्याच्या पाळीवर.
पाण्यावर वाफ. पलीकडे सूर्य,
बॉयलरच्या झरोक्यातून दिसायची तशीच लाल आग,
फक्त तिला सांभाळायची ड्यूटी माझी नव्हती.
डोळे मिटून मी ऊन तोंडावर घेतलं.
चार वाजेनंतरचा चहा सुटला, कुरकुरत.
दुपारी पडण्याऐवजी गच्चीवर संत्री सोलली,
भाकरीवर जवसाची चटणी, आठच्या आत जेवण.
सांगण्यासारखं यात काही नाही.

रात्री कौतिका काशाची वाटी घेऊन बसायची,
तळपायाला तूप, आणि वाटीची गोल गोल घासणी.
तूप काळं पडलं की दिव्याखाली धरायची:
"पाहा. कोळसा अजून निघूनच राहिला."

पौषात एका रात्री वाटी मी मागून घेतली.
लाजली. नाही म्हणाली. मग पाय पुढे केले.
टाचांना भेगा, करंगळी वाकडी,
हे पाय मी नीट पाहिलेच नव्हते.
रात्री एकला कडी वाजायची, सकाळी सातला वाजायची,
आणि प्रत्येक वेळी दार उघडायला कोणीतरी
जागं असायचं. डाळ गरम असायची.
ती चौथी पाळी
कोणत्याच रजिस्टरात लिहिलेली नव्हती.
दुसऱ्या पायाला तूप लावायच्या आत
ती झोपून गेली होती, तोंड अर्धवट उघडं.
थंडीतली ती मुकी रात्र, पंखाही बंद,
आणि तिचा श्वास, संथ, लोड न बदलणारा.
मी वाटी हातात धरून ऐकत राहिलो.
कधी आडवा झालो, आठवत नाही.

फाल्गुनात ताट्यांना नवा वाळा भरला.
कूलर लागला. अंबाडीचं सरबत आलं, ऊन भडकलं.
नवतपातल्या एका सकाळी ती म्हणाली,
"रात्री लाईट गेली होती. दोन तास.
सारी गल्ली बाहेर येऊन बसली होती.
तुम्ही कूसही नाही बदलली."

मी सवयीनं विचारलं, कोणता फीडर ट्रिप झाला होता?

"मले काय माहीत," ती म्हणाली.
"पाहिलं तुमच्याकडे, अन् मीपण झोपली."